एका डिस्कवर तीन क्रिकेट

'क्रिकेट ०७' हा गेम ईए स्पोर्ट्सने २००६ च्या नोव्हेंबरात बाजारात आणला. बनवला होता कॅनडातल्या एचबी स्टुडिओजने. समालोचनाला रिची बेनॉ आणि मार्क निकोलस यांचे आवाज होते, ॲशेस मालिकेचा थाट होता, इंग्लंड आणि ऑस्ट्रेलियाच्या खेळाडूंची नावे परवाना घेऊन नीट घातलेली होती. भारताचा संघही त्यात होता. पण आपल्या खेळाडूंच्या नावांचा परवाना कंपनीकडे नसल्याने ते भलत्याच नावांनी मैदानात उतरत. पुढे ईएने पीसीसाठी क्रिकेटचा एकही नवा गेम काढला नाही.

खरे क्रिकेट मात्र त्याच सुमारास वेगाने बदलू लागले. २००७ च्या सप्टेंबरात भारताने टी-ट्वेंटी विश्वचषक जिंकला. १८ एप्रिल २००८ रोजी बंगळुरूत आयपीएलचा पहिला सामना झाला. त्याच वर्षी नागपूरजवळ जामठ्याच्या मैदानावर पहिली कसोटी खेळली गेली. २०१० मध्ये नागपूर जिल्ह्यातल्या खापरखेडा भागातला उमेश यादव भारताकडून खेळला. २ एप्रिल २०११ रोजी वानखेडेवर विश्वचषक आला. २००६ मध्ये तयार झालेल्या गेमला यातले काहीच ठाऊक असणे शक्य नव्हते.

ही उणीव हौशी मंडळींनी भरून काढली. भारतात आणि शेजारच्या देशांत असे लोक निघाले, ज्यांनी गेमच्या फाइली उघडल्या, टोपी-जर्सीची चित्रे बदलली, संघांच्या याद्या नव्याने लिहिल्या आणि मूळ संघांच्या जागी आयपीएलचे संघ बसवले. या बदलांच्या गठ्ठ्याला 'पॅच' म्हणतात. कुणी आयपीएलचा पॅच केला, कुणी विश्वचषकाचा, कुणी जुन्या काळच्या संघांचा. पैसे न घेता, रात्री जागून, दुसऱ्याच्या बंद पडलेल्या कामात जीव ओतणारी ही माणसे आहेत. माझ्या मते भारतातल्या संगणक-संस्कृतीचा इतिहास लिहायचा झाला तर त्यांना त्यात स्वतंत्र प्रकरण द्यावे लागेल.

या प्रकरणाचा विषय त्या पॅचमुळे उभी राहणारी एक अडचण आणि तिचा एक देखणा उपाय हा आहे.

भंडारा जिल्ह्यातले एक घर डोळ्यांसमोर आणू. समजा ते लाखनीत आहे. 'एमएस-सीआयटीची तयारी होईल' म्हणून संगणक घेतला आणि संध्याकाळ झाली की त्यावर क्रिकेट लागू लागले. थोरला भाऊ शिकायला नागपूरला आहे आणि सुट्टीत घरी येतो. त्याला आयपीएलचा पॅच हवा. धाकट्या बहिणीला २०११ च्या विश्वचषकाचा संघ हवा. तिसरी प्रत कुणीही हात न लावलेली ठेवायची, कारण पॅच बिघडला तर परत यायला जागा लागते. गेम एक, पण तो तीन रूपांत हवा. आयपीएलचा पॅच ज्या फाइली बदलतो, त्यांतल्याच बऱ्याच विश्वचषकाचा पॅच बदलतो. एकावर दुसरा चढवला की अर्धा संघ इकडचा, अर्धा तिकडचा अशी खिचडी होते आणि कधी गेम उघडतच नाही.

सुचणारा पहिला उपाय म्हणजे आख्खा फोल्डर तीनदा कॉपी करणे. भारनियमनाच्या वर्षांत हे ज्यांनी केले असेल, त्यांना कॉपीची हिरवी पट्टी निम्म्यावर असताना वीज जाण्याचा अनुभव असेल. शिवाय ८० जीबीच्या डिस्कवर तेच ते स्टेडियम, तोच प्रेक्षकांचा आवाज, तेच समालोचन तीन-तीनदा ठेवायचे. गेमच्या फोल्डरात सर्वांत जास्त जागा खातात त्या ध्वनी आणि चित्रांच्या फाइली, आणि पॅच त्यांतल्या थोड्याच बदलतो. उरलेला सगळा माल तिन्ही प्रतींत अक्षर न् अक्षर सारखा असतो.

हा सारखा माल एकाच ठिकाणी ठेवून तिन्ही प्रतींना तो आपापल्या फोल्डरात आहे असे भासवता आले तर? तसे भासवता येते. विंडोजमध्ये त्याची सोय २००० सालापासून आहे.

त्यासाठी आधी एक समजूत सोडून द्यायला हवी. पडद्यावर पिवळे चित्र दिसते म्हणून आपण धरून चालतो की फोल्डरच्या आत फाइल 'असते'. डिस्कवर तसे काही नसते. विंडोज ज्या पद्धतीने डिस्क लावते तिला एनटीएफएस म्हणतात. तिच्यात प्रत्येक फाइलची एका मोठ्या सूचीत एक नोंद असते, बहुधा एक केबी आकाराची. फाइलीचा मजकूर डिस्कवर कुठे-कुठे पडला आहे हे ती नोंद सांगते. फोल्डर म्हणजे नावांची यादी: या नावाची फाइल, तिची नोंद अमुक क्रमांकाची. नाव एकीकडे आणि मजकूर दुसरीकडे. एकदा ही फारकत लक्षात आली की पुढचे सगळे त्यातून आपसूक निघते. एकाच नोंदीला दोन नावे का असू नयेत? आणि एखाद्या नावापुढे 'हे इथे नाही, अमक्या पत्त्यावर पाहा' एवढेच का लिहिलेले असू नये?

हे प्रश्न विंडोजच्या फार आधी विचारले गेले आहेत. मल्टिक्स या प्रणालीच्या आराखड्यात, १९६५ मध्येच, एका फोल्डरातून दुसरीकडच्या फाइलीकडे जाणाऱ्या दुव्याची कल्पना मांडलेली होती. पुढे बेल लॅब्जमध्ये केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी युनिक्स रचली. जुलै १९७४ च्या आपल्या प्रसिद्ध लेखात त्यांनी स्पष्ट केले, की फाइल कोणत्याही एका फोल्डराच्या मालकीची नसते. फोल्डरात फक्त नाव आणि फाइलीकडे नेणारा निर्देश असतो. पत्ता लिहून ठेवणारा सैल दुवा बर्कलीच्या युनिक्समध्ये १९८३ साली आला. विंडोज २००० ने 'जंक्शन' आणले, आणि २००७ मध्ये लोकांच्या हाती आलेल्या विंडोज व्हिस्टाने सिम्बॉलिक लिंक आणि त्या सगळ्या बनवणारी 'एमकेलिंक' ही आज्ञा दिली.

भंडाऱ्याच्या वाचकाला यातले मर्म समजायला गावाबाहेरचा मामा तलाव पुरेसा आहे. गोंडांच्या राजवटीत कोहळी समाजाच्या जाणत्यांनी बांधलेले हे तलाव पुढे मालगुजारांच्या ताब्यात होते. १९५१ मध्ये मालगुजारी संपली तेव्हा ते सरकारकडे आले आणि 'माजी मालगुजारी' या नावाचे 'मामा' झाले. तलाव एक असतो. त्याच्या पाळीतून तुडूम उघडले की पाटाने पाणी वेगवेगळ्या बांध्यांत जाते. प्रत्येक धानकरी त्याला आपल्या शेतातले पाणी म्हणतो आणि ते खरेही असते, पण कुणी आपल्या बांधीत स्वतंत्र तलाव खोदत नाही. जंक्शन म्हणजे असा पाट. या तुलनेची दुसरी बाजूही आताच ध्यानात ठेवा, ती पुढे लागणार आहे: तलावात कुणी काही कालवले तर ते सगळ्यांच्या शेतात जाते.

आता प्रकार नीट वेगळे करू, कारण घोटाळा इथेच होतो.

डेस्कटॉपवर राइट क्लिक करून जो 'शॉर्टकट' बनतो तो या कामाचा नाही. शॉर्टकट ही एक साधी छोटी फाइल आहे आणि ती वाचायची कशी हे विंडोजच्या एक्सप्लोररला ठाऊक आहे, गेमला नाही. गेम 'स्टेडियम' नावाचा फोल्डर मागतो आणि त्याच्या हाती शॉर्टकटची फाइल येते. तो थांबतो, किंवा 'फाइल सापडली नाही' म्हणतो. संगणकाच्या वर्गात फोल्डर, कॉपी-पेस्ट आणि शॉर्टकट इथवर आपण सगळे पोचतो. मला वाटते, आणखी एकच पाऊल पुढे टाकले तर मुलांना आपल्या यंत्राचा ताबा खऱ्या अर्थाने मिळेल.

ते पुढचे पाऊल म्हणजे जंक्शन. हे खुद्द विंडोजच्या गाभ्यात बसवलेले असते. गेम फोल्डर उघडायला जातो तेव्हा त्या नोंदीवरची खूण पाहून विंडोज स्वतःच वाट बदलते, खऱ्या पत्त्यावर जाते आणि तिथला माल गेमच्या हाती देते. मधे काही घडले हे गेमला कळतच नाही. २००६ मध्ये लिहिलेल्या, आज ज्याचा निर्माताही सुधारणा करणार नाही अशा गेमसाठी ही गोष्ट लाखमोलाची आहे. जंक्शन फक्त फोल्डरचे बनते. ते एका ड्राइव्हवरून त्याच संगणकातल्या दुसऱ्या ड्राइव्हवर नेता येते, आणि ते बनवायला ॲडमिनिस्ट्रेटरचे अधिकार लागत नाहीत. सिम्बॉलिक लिंक जास्त लवचीक आहे. ती फाइलीचीही होते, फोल्डरचीही, आणि नेटवर्कवरच्या जागेकडेही नेऊ शकते. पण तिला सहसा ॲडमिनिस्ट्रेटरचे अधिकार लागतात. २०१७ पासून विंडोज १० मध्ये 'डेव्हलपर मोड' चालू केला तर ती अट सुटते. तिसरी हार्ड लिंक. ती फक्त फाइलीची, आणि एकाच ड्राइव्हच्या आत. तिच्यात मूळ आणि दुय्यम असा भेदच उरत नाही. दोन्ही नावे सारख्याच हक्काने एका नोंदीकडे बोट दाखवतात, आणि शेवटचे नाव पुसले जाईपर्यंत मजकूर डिस्कवर राहतो.

घरच्या गेमसाठी जंक्शन आणि गरज पडल्यास हार्ड लिंक एवढे पुरते.

मांडणी अशी करा. डी ड्राइव्हवर 'क्रिकेट' नावाचा फोल्डर घ्या. त्यात 'मूळ' हा पहिला. गेमची स्वच्छ, पॅच न लावलेली प्रत इथे राहील आणि तिला पुन्हा कधी हात लावायचा नाही. शेजारी 'आयपीएल' आणि 'विश्वचषक' असे दोन रिकामे फोल्डर. पुस्तकात मी नावे देवनागरीत लिहितो आहे. संगणकावर मात्र ती रोमन लिपीत आणि आखूड ठेवा, कारण जुने गेम पत्त्यात देवनागरी अक्षर आले की गडबडतात.

आता पॅच उघडून पाहा. लावू नका, नुसता पाहा. झिप फाइल उघडली की आतल्या फाइलींची यादी दिसते. ही यादी म्हणजे पॅच कशाकशाला हात लावणार आहे याची कबुली. त्या यादीतल्या फाइली आणि फोल्डर 'मूळ'मधून 'आयपीएल'मध्ये खरोखर कॉपी करा. गेमची मुख्य एक्झी फाइलही कॉपी करा. ज्या फोल्डरांना पॅच शिवत नाही, त्यांच्यासाठी जंक्शन बनवा. स्टार्ट मेन्यूत 'सीएमडी' लिहून काळी खिडकी उघडा आणि अशी आज्ञा, रोमन अक्षरांत, द्या:

एमकेलिंक /जे "डी:\क्रिकेट\आयपीएल\ध्वनी" "डी:\क्रिकेट\मूळ\ध्वनी"

'ध्वनी' हे उदाहरणाचे नाव आहे. तुमच्या गेममध्ये जे असेल ते घाला. क्रम मात्र विसरू नका: आधी नवा पत्ता, नंतर खरा. बहुतेक जण हे उलटे लिहितात, कारण कॉपीच्या आज्ञेत खरा आधी येतो. नव्या पत्त्यावर त्या नावाचे काही आधीपासून असेल तर विंडोज नकार देते, म्हणून तिथे रिकामा फोल्डरही बनवून ठेवायचा नाही. आणखी एक: विंडोज ११ मध्ये राइट क्लिक करून टर्मिनल उघडले तर बहुधा पॉवरशेल समोर येते, आणि तिला ही आज्ञा माहीत नसते. एमकेलिंक ही सीएमडीच्या घरची आज्ञा आहे.

एंटर दाबले की काम क्षणात संपते. हिरवी पट्टी येत नाही, कारण काहीच हलत नाही. एक नोंद तेवढी लिहिली जाते. एक्सप्लोररमध्ये त्या फोल्डरवर छोटा बाण दिसतो. सीएमडीमध्ये 'डीआयआर' मारले तर नावाशेजारी 'जंक्शन' असे लिहून येते.

काही गेममध्ये माल उपफोल्डरांत नसतो, मोठ्या फाइली मुख्य फोल्डरातच सुट्या पडलेल्या असतात. तिथे जंक्शन चालत नाही. '/जे'च्या जागी '/एच' लिहून त्या फाइलींच्या हार्ड लिंक करायच्या.

आता तलावात कालवण्याची गोष्ट. जोडलेल्या फोल्डरातून वाचणे निर्धोक असते, पण लिहिणे तसे नसते. 'आयपीएल'मधल्या जंक्शनमधून एखादी फाइल बदलली तर ती खऱ्या जागी, म्हणजे 'मूळ'मध्येच बदलते, आणि तिथून 'विश्वचषका'तही दिसते. पॅचसोबत येणारा इन्स्टॉलर समोरचा फोल्डर खरा की जोडलेला हे पाहत बसत नाही. म्हणून पॅचची यादी आधी वाचायची, आणि ज्याला तो हात लावणार ते कॉपीच असले पाहिजे. या उपायात एवढी एकच गोष्ट शिस्तीने पाळावी लागते.

हार्ड लिंकचे वागणे याहून बारीक आहे आणि ते समजून घेण्यासारखे आहे. एखादा प्रोग्रॅम फाइल दोन तऱ्हांनी बदलू शकतो. एक, आहे ती फाइल उघडून तिच्यातच नवे लिहायचे. असे झाले तर दोन्ही नावांमागचा मजकूर बदलतो, कारण मजकूर एकच आहे. दोन, जुनी फाइल पुसायची आणि त्याच नावाची नवी फाइल ठेवायची. अशा वेळी फक्त ते एक नाव जुन्या नोंदीपासून सुटते आणि दुसऱ्या नावाखाली मूळ मजकूर सुरक्षित राहतो. बाहेरून पाहणाऱ्याला दोन्ही वेळा 'फाइल बदलली' एवढेच दिसते. कोणता इन्स्टॉलर कोणती तऱ्हा वापरेल हे आधी सांगता येत नसल्याने 'मूळ'मधल्या फाइलींना 'रीड ओन्ली'ची खूण करून ठेवावी. हार्ड लिंकच्या दोन्ही नावांना ती खूण आपोआप लागू होते, कारण खूणही नोंदीवरच असते.

एवढे झाले की गेम तीन रूपांत चालायला हवा. पण क्रिकेट ०७ इथे एक पेच टाकतो. आपल्या संघांच्या याद्या आणि खेळाडूने साठवलेले सामने तो गेमच्या फोल्डरात ठेवत नाही. 'डॉक्युमेंट्स'मध्ये 'ईए स्पोर्ट्स (टीएम) क्रिकेट ०७' या नावाचा फोल्डर करून तिथे ठेवतो. गेमच्या प्रती तीन करा नाहीतर तीस, हा फोल्डर सगळ्यांना मिळून एकच. भावाने आयपीएलची यादी तिथे टाकली की बहिणीच्या विश्वचषकाच्या संघात दुसरेच खेळाडू उभे राहतात, आणि 'दादा, माझी मॅच कुठं गेली?' हा प्रश्न घरात घुमतो. त्यात दादाचा काही दोष नसतो. गेमला पत्ता एकच ठाऊक आहे.

इथे जंक्शनचा खरा कस लागतो. गेमला पत्ता बदलायला सांगता येत नाही, पण त्या पत्त्यावर काय आहे हे आपल्याला बदलता येते. 'डॉक्युमेंट्स'मधला तो फोल्डर उचलून डी ड्राइव्हवर न्या आणि त्याचे दोन करा, 'जतन-आयपीएल' आणि 'जतन-विश्वचषक'. मग जुन्या जागी, जुन्याच नावाने, जंक्शन बनवा. आज भाऊ खेळणार असेल तर ते पहिल्याकडे जाईल, बहीण खेळणार असेल तर दुसऱ्याकडे. जुने गेम आपण कुठे बसवले गेलो हा पत्ता विंडोजच्या रजिस्ट्रीत लिहून ठेवतात आणि दुसऱ्या प्रतीतून चालवले तरी पहिल्याच जागी डोकावतात. त्यांच्यावरही हाच इलाज आहे. रजिस्ट्रीतला पत्ता 'डी:\क्रिकेट\चालू' असा ठेवायचा, आणि 'चालू' हे कधी 'आयपीएल'कडे, कधी 'विश्वचषका'कडे जाणारे जंक्शन.

दर वेळी आज्ञा टाइप करायची गरज नाही. नोटपॅडमध्ये चार-पाच ओळी लिहून ती फाइल '.बॅट' या शेपटाने साठवली की झाले. पहिल्या ओळीत 'आरएमडीआयआर' या आज्ञेने जुने जंक्शन काढायचे, दुसऱ्यात एमकेलिंकने नवे बनवायचे, 'चालू'साठीही तेच, आणि शेवटी गेम सुरू करायचा. अशा दोन बॅट फाइली डेस्कटॉपवर ठेवा, एक भावाची आणि एक बहिणीची. ज्याला खेळायचे त्याने आपलीवर डबल क्लिक करावे. नववी-दहावीतल्या मुलाने लिहिलेला हा पहिला प्रोग्रॅम असू शकतो, आणि पाठ्यपुस्तकातल्या दोन आकड्यांच्या बेरजेपेक्षा तो त्याच्या लक्षात नक्की राहील, कारण त्याला तो हवा होता.

वर मी जंक्शन काढायला आरएमडीआयआर सांगितले ते विचारपूर्वक. ही आज्ञा साधी दिली, तिच्यापुढे '/एस' जोडले नाही, तर ती जंक्शन काढते आणि पलीकडच्या खऱ्या फोल्डरला धक्का लावत नाही. तिथे जंक्शन नसून खरा, भरलेला फोल्डर असेल तर ती सरळ नकार देते: फोल्डर रिकामा नाही. म्हणजे चुकीच्या गोष्टीवर चालवली तरी नुकसान होत नाही. '/एस' जोडले की हे संरक्षण जाते, म्हणून या कामात ते वापरूच नये. विंडोज एक्सपीच्या काळात एक्सप्लोररमधून जंक्शन डिलीट केले की पलीकडचा खरा मालही जाई. व्हिस्टापासून ते सुधारले, तरी जुना संगणक वापरणाऱ्याने एक्सप्लोररवर भरवसा ठेवू नये.

गेम सी ड्राइव्हवरच्या 'प्रोग्रॅम फाइल्स'मध्ये का ठेवू नये, तेही इथेच सांगतो. व्हिस्टापासून विंडोज तिथे कुणालाही सहजी लिहू देत नाही. जुना प्रोग्रॅम लिहायला गेला तर त्याला नकार देण्याऐवजी विंडोज ते लेखन गुपचूप वापरकर्त्याच्या 'व्हर्च्युअलस्टोअर' नावाच्या फोल्डरात वळवते. एका खात्यातून लावलेला पॅच दुसऱ्या खात्यातून दिसत नाही, फाइल बदलली तरी गेम जुनाच दिसतो, अशा कितीतरी कोड्यांचे मूळ यात असते. 'डॉक्युमेंट्स' वनड्राइव्हकडे वळवलेले असेल तर तिथेही जंक्शन बनवू नये. ढगात प्रत ठेवणारा प्रोग्रॅम आणि वाट बदलणारे जंक्शन यांचे जमत नाही.

क्रिकेट ०७ हा आजच्या मानाने लहानखुरा गेम. 'ग्रँड थेफ्ट ऑटो ५' २०१५ मध्ये पीसीवर आला तेव्हाच त्याला ६५ जीबी जागा लागत होती. दिवसाला दीड जीबीच्या मोबाइल पॅकवर तो उतरवायचा म्हटला तर ४३ दिवसांचा सगळा डेटा संपवूनही तो पुरा होत नाही. लाखांदूर किंवा पवनी तालुक्यातल्या गावात ज्याच्याकडे फायबरची जोडणी नाही, त्याच्यासाठी एकदा मिळालेली स्वच्छ प्रत जपणे ही चैन नाही, गरज आहे. २५६ जीबीच्या लॅपटॉपवर अशा गेमच्या दोन पूर्ण प्रती ठेवल्या तर निम्मी जागा त्यांतच जाते. पॅच आणि मॉड सांभाळण्यासाठी नेक्सस मॉड्सने काढलेला 'व्होर्टेक्स' हा प्रोग्रॅम आतून हार्ड लिंकच वापरतो. मॉड एका बाजूला साठवतो, गेमच्या फोल्डरात त्यांच्या हार्ड लिंक ठेवतो आणि नको झाले की त्या काढून घेतो. आपण हाताने जे करत होतो तेच, फक्त चित्रांच्या आड.

माइनक्राफ्ट खेळणाऱ्या मुलांसाठी एक वेगळी सूचना. त्याच्या जावा आवृत्तीच्या लाँचरमध्येच प्रत्येक आवृत्तीसाठी स्वतंत्र फोल्डर नेमता येतो, म्हणून गेमच्या प्रती करण्यासाठी लिंकांची गरज नाही. सजावटीच्या फाइलींचा 'रिसोर्सपॅक्स' हा फोल्डर मात्र जंक्शनने सगळ्यांत वाटून घ्यावा. साठवलेली जगे वाटून घेऊ नयेत. नव्या आवृत्तीने जग उघडले की ते नव्या पद्धतीने लिहिले जाते आणि जुन्या आवृत्तीत धडपणे परतत नाही. जून २०२३ मध्ये आलेल्या १.२० आवृत्तीपासून माइनक्राफ्ट ज्या जगात सिम्बॉलिक लिंक सापडेल ते उघडायला नकारही देतो. त्याचे कारण रास्त आहे. अनोळखी माणसाकडून घेतलेल्या जगात अशी लिंक लपवलेली असेल तर गेम तिच्यामागोमाग तुमच्या डिस्कवरच्या भलत्याच फोल्डरात लिहू लागेल. वाट बदलण्याची जी ताकद आपल्याला उपयोगी पडते, तीच दुसऱ्याच्या हातात धोक्याची ठरते. म्हणून कुठल्याही पॅचसोबत आलेली बॅट फाइल आधी नोटपॅडमध्ये उघडून वाचावी आणि त्यानंतरच चालवावी.

राहिला प्रश्न हे सगळे दुसऱ्या संगणकावर नेण्याचा. पेन ड्राइव्ह बहुधा एक्सफॅट किंवा फॅट३२ पद्धतीचे असतात आणि त्या पद्धतींत लिंक ही गोष्टच नाही. तिथे कॉपी केले की जंक्शनच्या जागी खरा माल उतरतो, आणि जागा वाचवून केलेली तीन रूपे पुन्हा तीन पूर्ण प्रती होतात. फॅट३२ वर तर ४ जीबीपेक्षा मोठी एकच फाइलही मावत नाही. 'रोबोकॉपी' ही विंडोजची आज्ञा '/एक्सजे' जोडून दिली तर ती जंक्शन वगळून फक्त खऱ्या फाइली नेते. तशाच न्याव्यात. जंक्शनमध्ये पूर्ण पत्ता लिहिलेला असतो. नव्या लॅपटॉपवर डी ड्राइव्ह नसेल, किंवा त्याचे अक्षर ई झाले असेल, तर जुने जंक्शन तसेही कुठेच पोचणार नाही. त्यामुळे निघण्यापूर्वी जुन्या संगणकावर 'डीआयआर /एएल /एस' ही आज्ञा द्या. त्या फोल्डराखालच्या सगळ्या जंक्शनांची आणि सिम्बॉलिक लिंकांची, ती कुठे जातात त्या पत्त्यांसह, यादी येते. ती यादी एका मजकूर फाइलीत साठवून बॅट फाइलींसोबत ठेवा. हार्ड लिंक त्या यादीत येत नाहीत, त्यांचे टाचण वेगळे करून ठेवावे लागते. नव्या यंत्रावर खऱ्या फाइली उतरवल्या की यादीतल्या पत्त्यांमधले ड्राइव्हचे अक्षर बदलून घ्यायचे आणि एमकेलिंकच्या ओळी पुन्हा चालवायच्या.